येळवशीची राखण

आमच्या जिल्ह्यात मार्गशीर्षातल्या अमावस्येला माणसं घरात थांबत नाहीत. वेळ अमावस्या तिचं नाव, बोलायच्या भाषेत येळवस. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, आणि गावच्या गाव उठून शेतात जेवायला जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडायचे, पूजा उरकायची आणि मग आंबील, पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं दिवस कलेपर्यंत खात राहायचं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. धाराशिव जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी त्या दिवशी भर दुपारी बाजारात चिटपाखरू नसतं.

एवढ्या सगळ्या बोलावण्यांत एका घराला कधी कुणी या म्हटलं नाही. ते घर आमचं.

शहराच्या जुन्या भागात, दर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची गल्ली आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मूळचे लोहाऱ्याकडचे. घरी मेंढरं होती, जमीन नव्हती. मेंढरांमागं हिंडायचं, आणि कुणाच्या पिकात एखादं तोंड घालून गेलं की त्या शेतवाल्याच्या शिव्या आणि प्रसंगी काठी खायची, असं त्यांचं लहानपण गेलं. त्याला कंटाळून ते धाराशिवला आले, एका शिंप्याच्या हाताखाली काजबटणं शिकले आणि या गल्लीत एक खोली भाड्यानं घेऊन राहिले. पुढं तीच खोली आणि तिच्या पुढचा ओटा त्यांनी विकत घेतला. मी तिथंच जन्मले, तिथंच वाढले, आणि लग्न न करण्याचं ठरवल्यामुळं तिथंच राहिले.

आप्पा आले तेव्हा गल्ली भरलेली होती. निजामाच्या वेळी दफ्तरात कारकुनी केलेल्यांची दोन-चार घरं, किराणा दुकान चालवणारे लिंगायत, बांगडीवाल्या चाच्यांचं घर, आणि बाकीचे आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. पोरांच्या शाळेसाठी त्यांनी शहरात घर केलेलं. जीव मात्र शेतात. पहिल्या येळवशीला कोपऱ्यावरचे दादा, ज्यांचा शब्द गल्लीत चालायचा, ते आप्पांच्या खोलीपुढं येऊन उभे राहिले.

“तुमाला शेत हाय का?”

“न्हाय जी.”

“मग तुमी बसा हितंच. घरं बघा आमची.”

आणि त्यांनी आपल्या घराची किल्ली आप्पांच्या हातात ठेवली. त्यांचं बघून बाकीच्यांनीही ठेवल्या. बांगडीवाले चाचा किराणावाल्यांच्या शेतावर निघाले होते, त्यांनीही ठेवली. ज्या माणसाला आजवर लोकांनी बांधावरून हाकललं, त्याच्या ओंजळीत अख्खी गल्ली आली. आप्पा ही गोष्ट सांगताना अजून ओंजळ करून दाखवतात. त्यांना तो मान वाटला, आणि तो त्यांनी जन्मभर सांभाळला.

मला तो कधीच मान वाटला नाही. मानाचा मान आणि दिवसभर उपास! ज्यांना शेत नाही त्यांना सगळे बोलावतात, आणि आम्हाला शेत नाही म्हणून आम्हीच बसायचं, हा कुठला न्याय? लहानपणी हे मी मोठ्यानं विचारायचे आणि आईचा धपाटा खायचे.

किल्ल्या ठेवायची आप्पांची एक रीत होती. मापाची जुनी टेप, आकडे पुसलेली, तिच्यात त्या ओवायच्या आणि टेप गळ्यात घालायची. कुठली किल्ली कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येकीला त्या घराची चिंधी बांधलेली. त्या घराचं जे कापड त्यांनी शिवलं असेल त्याचीच. दादांची खाकी, कारण त्यांच्या नातवाच्या शाळेच्या पँटी आप्पा शिवायचे. किराणावाल्यांची पिवळी, त्यांच्या सुनेच्या परकराची. चाच्यांची हिरवी, ईदच्या कुर्त्याची. येळवशीच्या सकाळी आप्पा अंघोळ करून, टेप गळ्यात घालून ओट्यावर बसायचे ते पहिलं घर परत येईपर्यंत उठायचे नाहीत. पाणी लागलं तरी आईला हाक मारायची.

“राखणदार उठला की राखण उठली,” असं ते म्हणायचे.

तो दिवस मला खायला उठायचा. सकाळी गल्लीत नुसती धांदल असायची. बैलगाड्या, नंतर नंतर जीप, आंबिलीचे बिंदगे, डोक्यावर भाकरीच्या दुरड्या, पोरांची पळापळ. आणि मग अचानक काहीच नाही. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. प्रत्येक दाराचं कुलूप ओढून बघायचे. परत यायचे, परत जायचे. आई म्हणायची, “पायाला भवरा हाय का तुझ्या?” होताच. बसले की वाटायचं, आत्ता ते खोपीपाशी पोचले असतील. आत्ता पोरं ‘ओलगे ओलगे, सालम पलगे’ असं ओरडत ज्वारीत आंबील शिंपत पळत असतील. मी कधी न पाहिलेलं शेत माझ्या डोळ्यांपुढून हलायचं नाही.

संध्याकाळी सगळे परत यायचे. किल्ली घ्यायला येणारी बाई हातात डबा घेऊनच यायची. गल्लीची तशी रीतच पडली होती. आमच्या ओट्यावर डब्यांची रांग लागायची आणि आप्पा प्रत्येक डब्याबरोबर शेताची हकिकत मागून घ्यायचे. यंदा ज्वारी कशी? विहिरीला पाणी किती? ओढ्याच्या उतारावर गाडी अडली का? लोक दमलेले असले तरी सांगत बसायचे. माझी वर्गातली मैत्रीण, दादांची नात, केसांत ज्वारीची पानं घेऊन यायची आणि हरभऱ्याचा ढाळा माझ्यापुढं धरायची. मी तो घ्यायचे नाही. भज्जी गार झाली की जास्त मुरते, असं आई म्हणायची. मी म्हणायचे, गार झालेलं ते गारच. तरी खायचे, कारण भज्जी खरोखरच चांगली असायची, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मग गल्ली बदलायला लागली. कधीपासून, ते बोट ठेवून सांगता येत नाही, पण भूकंप झाला तेव्हापासून माणसं आपल्याच घरांना भ्यायला लागली हे मला आठवतं. लोहारा-उमरग्याकडं गावंच्या गावं पडली होती. आमच्याकडं भिंतींना नुसत्या चिरा गेल्या, पण दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद बघून लोकांची झोप उडाली. ज्यांची ऐपत होती ते शहराबाहेर नव्या कॉलन्यांमध्ये सिमेंटची घरं बांधून गेले. दादांचं घर गेलं. किराणावाले गेले. चाच्यांची मुलं सोलापूरला गेली. जाताना घराला कुलूप घालून किल्ली आप्पांकडं द्यायचे, म्हणायचे, असू द्या, येणंजाणं होईल. येणंजाणं हळूहळू थांबलं. घरं विकली गेली, नव्या मालकांनी नवी कुलपं आणली, काहींनी घरंच पाडली. टेपवरच्या किल्ल्या मात्र तशाच राहिल्या. चिंध्यांचे रंग विटले.

आता दादांच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे. तिच्यात भरतीच्या परीक्षांची तयारी करणारी कळंबकडची मुलं राहतात, उमरग्याकडची एक नर्सबाई राहते, आणि तळमजल्याच्या मागच्या खोलीत बिहारकडून आलेला एक फरशी बसवणारा आणि त्याची बायको राहते. किराणा दुकानात मोबाईलची कव्हरं लटकतात. कोपऱ्यावर कॅमेरा बसलाय. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. नळाला पाणी यायचं तेव्हाच येतं. कोण कधी राहायला आलं आणि कधी गेलं हे कळतसुद्धा नाही. येताजाता मान हलवली तरी पुष्कळ.

मी नोकरीतून निवृत्त झाले आणि ठरवलं, आता पुरे. मैत्रिणीच्या कॉलनीत तळमजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला. आप्पांचे गुडघे गेलेत. आमच्या ओट्याच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. सगळं पटण्यासारखं होतं. आप्पांना पटलं नाही.

“येळवस होऊ दे,” ते म्हणाले.

“आणि येळवशीनंतर?”

“गल्लीनं बसवलंय मला. गल्लीनं ऊठ म्हणावं, उठतो.”

“कोण म्हणणार ऊठ? दादा वारले. गल्लीत गल्ली तरी राहिलीय का आप्पा?”

“मंग बसतो,” ते म्हणाले, आणि दोरा ओवायला लागले.

माणूस पंच्याऐंशीच्या पुढं गेला की त्याच्याशी भांडण जिंकता येत नाही. पण मला हेही दिसत होतं की त्यांना जायचं नाही असं नव्हतं. त्यांना कुणीतरी मोकळं करायला हवं होतं, आणि मोकळं करणारं कुणी उरलं नव्हतं. माझ्या शब्दाला ह्यात किंमत नव्हती. मी घरची.

गेल्या येळवशीच्या आधी मैत्रिणीनं फोन केला. “या वर्षी तू शेतावर यायचं. आप्पांना पण आण. आता कुणाची राखण राहिलीय?” मी लगेच हो म्हटलं. साठी ओलांडलेली बाई मी, पण सहलीला निघालेल्या पोरीसारखी रात्रीच साडी काढून ठेवली.

सकाळी उठून बघते तर आप्पा अंघोळ करून, टेप गळ्यात घालून ओट्यावर बसलेले. वाट बघत. तासाभरात परीक्षावाली मुलं पाठीला सॅक लावून गावाकडं गेली. नर्सबाई पोरांना घेऊन गेली. सगळ्यांनी आपापली कुलपं लावली, किल्ल्या खिशात टाकल्या. आप्पा प्रत्येकाकडं मान उंच करून बघत होते. एकानंही ओट्याकडं बघितलं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या लोकांवर चिडायला काही कारण नव्हतं, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी आप्पांवर ओरडले.

“कशाच्या किल्ल्या घेऊन बसलात? ती घरं पाडलीत, आप्पा! खाकी चिंधीवाल्या घराला आता लिफ्ट आहे!”

आप्पांनी टेपवरून बोटं फिरवली. मग म्हणाले, “तू जा बाई. तुला लई दिवसाचं जायचं हाय. जा तू.”

हे त्यांना माहीत होतं! मी पदर खोचला, रिक्षा बोलावली आणि निघाले. मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर गेले नसते.

दादांचं शेत मी मनात रंगवलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. पण ज्वारी तशीच होती, खोप तशीच होती. मैत्रिणीच्या नातवंडांनी माझ्या हातात आंबिलीचं भांडं दिलं आणि मी त्यांच्यामागं ‘ओलगे ओलगे’ ओरडत पिकात शिरले. ज्वारीची पानं गालाला कापत होती आणि मला रडू येत होतं. छान वाटत होतं हेही सांगते. मग पंगत बसली, आणि मला बसवेना. घास घेतला की वाटायचं, आत्ता उन्हं ओट्यावर आली असतील. आत्ता त्यांना पाणी लागलं असेल, आणि हाक मारायला आता आई उरलेली नाही. मी उठले, विहिरीपर्यंत गेले, परत आले, बांधावरून रस्त्याकडं बघितलं.

मैत्रिणीची आई, दादांची सून, खोपीच्या सावलीत बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. मी कोण ते कळल्यावर तिनं माझा हात धरला आणि पहिलंच विचारलं:

“गल्लीत कोण हाय?”

गल्ली सोडून तिचं अर्धं आयुष्य झालं. तिचं घर पाडलेलंही तिला माहीत आहे. तरी तिनं हेच विचारलं.

“आप्पा आहेत, मावशी.”

“आप्पा हायत? मंग काय न्हाय. बस, जेव निवांत.” आणि तिचे खांदे खाली आले. थोड्या वेळानं आपणच म्हणाली, “आमी दर साली हितं बसलो की पयलं हेच इचारायचो एकमेकांना. आप्पा हायत म्हटलं की मंग घास उतरायचा. तुमाला बोलवावं वाटायचं गं. पण तुमी आलात तर आमी कसं यावं?”

मला तिच्यावर चिडायचं होतं. म्हणजे आमच्या जिवावर तुमची येळवस, असं तोंडावर आलंही होतं. पण तिनं अजून माझा हात धरलेला होता, आणि मला एकदम आप्पांची ओंजळ दिसली. पंगत उठायच्या आधीच मी निघाले. मैत्रीण रागावली, म्हणाली, “जित्याची खोड! जन्मभर यायचं यायचं केलंस आणि आता बूड टेकत नाही.” तरी तिनं डबा भरून दिला. भज्जी, उंडे, आंबिलीची बाटली वेगळी. मोठ्या रस्त्यावर एक जीप मिळाली.

गल्लीत शिरले तर ओट्यावर आप्पा नव्हते.

तिथं फरशीवाल्याची बायको बसली होती. ताठ, मांडी घालून, गळ्यात आप्पांची टेप, छातीवर सगळ्या किल्ल्या. टेपच्या टोकाला एक नवी किल्ली होती, तिला जांभळ्या ओढणीची चिंधी बांधलेली. मला बघून ती अवघडली, पण उठली नाही.

“बाबा किधर हैं?” मी जवळजवळ किंचाळले.

“बाबा खेत गये,” ती म्हणाली. मग आपल्या अर्ध्या हिंदी अर्ध्या मराठीत तिनं सांगितलं ते असं. गल्ली एवढी गप्प का म्हणून ती विचारायला आली. आप्पांनी येळवस समजावली. तिनं विचारलं, सगळे जातात तर तुम्ही का नाही गेलात? आप्पा म्हणाले, मी गेलो तर इथं कोण बसणार? “तो मैं बोली, मैं हूँ ना बाबा. मेरेको किधर जाना है? आप जाओ.”

त्यावर आप्पांनी तिला विचारलं, शेत आहे का तुला? ती नाही म्हणाली. तेव्हा त्यांनी टेप काढून तिच्या गळ्यात घातली, तिच्या खोलीची किल्ली मागून घेतली, चिंधी बांधून ओवली, आणि पहिला डबा येईपर्यंत उठायचं नाही असं बजावलं. मग तिच्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून ते गेले.

मी पायरीवर बसले. एवढी वर्षं आप्पा कुणीतरी ऊठ म्हणायची वाट बघत होते, आणि ते म्हणणारी बाई गल्लीत येऊन जेमतेम पावसाळा उलटला होता. आप्पा स्वतः इथं आले तेव्हा तेही असेच नवे होते.

तिची नजर माझ्या हातातल्या पिशवीकडं गेली. मला उशिरा कळलं. येळवशीहून गल्लीत परत आलेलं पहिलं घर मीच होते. मी डबा काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. तिनं झाकण उघडून वास घेतला. “ये क्या है?” मी सांगितलं. तिनं गार भज्जी बोटानं चाखली आणि अजून घेतली.

“आता उठलीस तरी चालतं,” मी म्हटलं. ती म्हणाली, बाबांना येऊ देत.

फोन वाजला. मैत्रीण हसत होती, रडत होती, दोन्ही. “अगं, आप्पा आलेत! तुझी जीप गेली आणि मागच्या गाडीवाटेनं हे हजर. वाट कुणालाच विचारली नाही म्हणे. चिंचेची जोडी, ओढा, उतार, विहिरीवरचं जांभूळ, सगळं त्या फरशीवाल्याला सांगत आले. आमच्यातल्या पोरांना माहीत नाही ती वाट! त्याला पण बसवलंय पंगतीला, तिसऱ्यांदा आंबील घेतोय.”

डबे घेऊन येणाऱ्यांनी दर साली सांगितलेल्या हकिकतींतून त्या माणसानं सगळं शेत ओट्यावर बसून पाठ केलं होतं.

“थांब, तुझ्याशी बोलायचंय म्हणतात.”

मागं पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मग आप्पांचा आवाज आला, मोठ्यानं, फोनवर ते नेहमी बोलतात तसा.

“गल्लीत कोण हाय?”

मी शेजारी बघितलं. ती डबा मांडीवर घेऊन, गळ्यात किल्ल्या घालून, गल्लीच्या तोंडाकडं नजर लावून बसली होती.

“आम्ही दोघी आहोत, आप्पा,” मी म्हटलं. “तुम्ही बसा. जेवा निवांत.”